हरणमळा

चुन्याची पोती उतरवताना ऑर्लिन स्कारच्या कमरेत उसण भरली. बायकोला, मार्वाला, त्यानं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, बासष्टाव्या वर्षी त्या चढावर चुना वाहायची काय गरज पडली? आणि याचं उत्तर द्यायची त्याची तयारी नव्हती.

चुना फेकायचं यंत्र गायींबरोबर लिलावात गेलं होतं. म्हणून तो बादलीत चुना घेऊन, मातीचा आंबटपणा मारायला, मुठीमुठीनं फेकत होता. ऑगस्टचं ऊन. घाम आणि चुना मिळून कोपरांच्या खळग्यांत आग होत होती. डोंगराच्या सोंडेवरचा हा तुकडा अर्ध्या एकराचाही नसेल; तीन बाजूंनी ओकची झाडं आणि चौथ्या बाजूला धाकट्या भावाचं, गेलेनचं, कुंपण. बापानं वाटणी केली तेव्हा गोठा, गायी आणि सपाट जमीन ऑर्लिनला आली, रान आणि उतार गेलेनला. तेव्हा सगळं गाव म्हणालं होतं, थोरल्याचं नशीब उघडलं.

नशीब कसलं? चाळीस वर्षं पहाटे धार, संध्याकाळी धार. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की सगळा परगणा नारिंगी जाकिटं घालून रानात जाई, आणि ऑर्लिन गायींच्या पोटाखाली वाकलेला असे. गेलेन सुतारकाम करणारा, मोकळा माणूस. ऑर्लिनच्या मुलीला, सिग्नीला, बंदूक धरायला गेलेननं शिकवलं. वारा कुठून येतो हे बोट ओलं करून बघायला त्यानंच शिकवलं. खाली फाट्यावरच्या खानावळीच्या भिंतीवर शिकारीचे फोटो लावलेले आहेत. त्यातल्या सातांत सिग्नी आहे. पहिल्यात पुढचे दात पडलेली, शेवटच्यात लग्नाच्या वयाची. सातही फोटोंत शेजारी गेलेन, तिच्या खांद्यावर हात टाकून. ऑर्लिन त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा.

कुंपणापलीकडून गेलेनची चारचाकी फटफटी आली आणि थांबली. त्यानं इंजिन बंद केलं नाही, गुडघ्यावर हात ठेवून नुसता बघत राहिला. त्या गुडघ्याचं वसंतात ऑपरेशन झालं होतं.

"काय रे, भाजीपाला लावतोस?"

"सलगम. ओट. थोडं क्लोव्हर गवत."

"कुणासाठी?"

ऑर्लिननं मूठ फेकली. "हरणांसाठी."

गेलेन इतका हसला की त्याला खोकला आला. "हरणमळा! अरे, जन्मभर तू हरणांना मक्यातून हाकललंस. सिग्नीच्या हातात पत्र्याचे डबे देऊन तिला बांधाबांधानं पळवलंस. आणि आता त्यांना जेवायचं आमंत्रण?"

"माझी जमीन आहे."

"तुझीच आहे रे बाबा. कोण नाही म्हणतंय?" गेलेननं फटफटी वळवली. "कमरेला जप. वाकडा चालतोयस."

दोनच दिवसांत खत-बियाण्याच्या दुकानात सगळ्यांना ठाऊक झालं. काउंटरवरचा माणूस बियाणं मोजता मोजता म्हणाला, "हरणमळ्यासाठी का? गेलेनला विचारून घे ना. हरणांचं त्याला कळतं." मागं उभे असलेले दोघं हसले. ऑर्लिननं पिशवी उचलली. उरलेली नाणी काउंटरवरच राहिली हे त्याला गाडीत बसल्यावर लक्षात आलं, पण तो परत आत गेला नाही.

त्यानं तव्यांचा कुळव दोनदा उभा, एकदा आडवा मारला. दगड वेचले. आभाळ भरून आलं त्या दुपारी बी फेकलं आणि मागून जुन्या लोखंडी पलंगाची जाळी ट्रॅक्टरला बांधून फिरवली, म्हणजे बी मातीशी नीट बसावं. संध्याकाळी पाऊस आला. बारीक, बिनवाऱ्याचा, रात्रभर टिकणारा. ऑर्लिन गोठ्याच्या दारात उभा राहून ऐकत राहिला. रिकाम्या गोठ्यात त्याला इतकं बरं बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं.

सप्टेंबरात सलगमची पानं हाताएवढी झाली. आधी मादी आणि तिची दोन पिल्लं आली. मग कोवळ्या शिंगांचे दोन नर. मग एका संध्याकाळी, उजेड मातकट झाल्यावर, तो आला. मानेला रेड्यासारखा जाड, शिंगांना दहा टोकं, डाव्या बाजूचं एक टोक खाली वळलेलं. गेलेन तीन वर्षं त्याच्याबद्दल बोलत होता. गेल्या नोव्हेंबरात सिग्नीनं त्याला पाहिलं होतं, पण गोळी झाडायला जागा मिळाली नव्हती. तो आता ऑर्लिनच्या सलगमांत तोंड घालून उभा होता.

ऑर्लिन झाडाआड श्वास धरून उभा राहिला. त्याच्या मनात आलेला पहिला विचार हरणाचा नव्हताच. आता गेलेनला हे कळू दे, असं त्याच्या मनात आलं.

त्यानंतर तो दिवसभर फळ्या कापू लागला. तुकड्याच्या वरच्या टोकाला त्यानं मचाण बांधलं. गेलेनसारखी शिडी टेकवलेली काटकुळी खुर्ची नाही. चार भिंती, छप्पर, तीन बाजूंना खिडक्या आणि चढायला कठड्यासकट पायऱ्या. मार्वा कॉफी घेऊन वर आली, आत डोकावली.

"दोन खुर्च्या?"

"एक पाय ठेवायला."

मार्वानं त्याच्याकडे पाहिलं. "फोन कर तिला. सरळ विचार."

"ती येणारच आहे ना हंगामाला? मग बघू."

"ऑर्लिन, गायींना विचारावं लागत नव्हतं. माणसांना लागतं."

ऑक्टोबरच्या एका रविवारी त्यानं फोन केला. सिग्नी मॅडिसनला नर्सचं काम करते. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

"इकडं यंदा हरणं बरीच आहेत," तो म्हणाला.

"हो ना! काका सांगत होता. बाबा, तो दहा टोकांचा तुझे सलगम खातोय म्हणे!"

तिला आधीच माहीत होतं. ऑर्लिननं जपून ठेवलेली बातमी गेलेननं केव्हाच पोचवली होती. "मी मचाण बांधलंय," तो म्हणाला. "भिंतींचं. वारा लागत नाही."

"भारी! काकाचा गुडघा बघता मी त्यालाच म्हणणार होते की असलं काहीतरी कर. या वर्षी त्याला एकट्याला सोडता येणार नाही. शिडी चढता-उतरताना कुणीतरी पाहिजे. मी त्याच्याबरोबर बसतेय."

"हां. बरोबर आहे."

"तुला चालेल ना?"

"मला काय होतंय?"

फोन ठेवल्यावर तो उगाच तळघरात गेला आणि स्क्रूंच्या बरण्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर लावत बसला.

हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, गेलेन घरी आला. मार्वानं त्याला सफरचंदाचा केक वाढला, तो दोन तुकडे खाऊन गेला आणि जाता जाता ऑर्लिनला ओसरीत गाठून म्हणाला, "तुझे आभार मानायचे राहिलेत. दहा टोकांचा दिवसभर माझ्या काटेरी झुडपांच्या जाळीत झोपतो, रात्री तुझ्याकडं जेवतो, आणि उजाडता उजाडता पोट भरून परत येतो. अगदी माझ्या शिडीखालून! रोज! उद्या सिग्नीला फक्त घोडा दाबायचाय." त्यानं ऑर्लिनच्या पाठीवर थाप मारली. "तू पेरलंस म्हणून तो मुक्कामाला राहिला. नाहीतर नदीकडं गेला असता."

तो लंगडत गाडीकडे गेला. ऑर्लिन तिथंच उभा राहिला. पाठीवर थाप बसलेली जागा तापल्यासारखी वाटत होती. चुना त्याचा, बी त्याचं, कंबर त्याची, आणि खानावळीच्या भिंतीवर आठवा फोटो कुणाचा?

त्यानं मोटरची करवत काढली, पेट्रोल भरलं आणि मार्वाला सांगितलं, "कुंपणावरचं एल्मचं झाड वाळलंय, हिवाळ्याला लाकूड होईल."

"आज?" मार्वा म्हणाली.

पण तो निघाला होता.

एल्म कुंपणाच्या त्याच्याच बाजूला होतं. तेवढं त्यानं पाहिलं. मात्र झाड तिकडं पडावं म्हणून खाच त्यानं पलीकडच्या बाजूला पाडली. करवत ओरडायला लागली. शांत, थंड, बिनवाऱ्याच्या त्या दुपारी तो आवाज दरीभर गेला असणार. झाड कडाडलं, कलंडलं आणि तारा तोडून थेट गेलेनच्या काटेरी जाळीत कोसळलं. त्याच क्षणी जाळीतून तो उसळला. शेपटीचा पांढरा झेंडा, शिंगांत अडकलेली वेल. दोन झेपांत पडलेला ओंडका ओलांडून तो उताराखाली, ओढ्याकडे, रस्त्याच्या बाजूला नाहीसा झाला.

ऑर्लिनच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. "जा," तो मोठ्यानं म्हणाला. "जा म्हणतो ना!"

मग कुणी विचारलंच तर लाकूड दाखवायला हवं म्हणून तो फांद्या तोडत बसला. अंधारून येईपर्यंत करवत चालूच होती. कोटाच्या खिशात फोन वाजत होता तो त्याला ऐकू आला नाही. करवत थांबली तेव्हा पुन्हा वाजला. मार्वाचा आवाज ओळखू येत नव्हता. "कुठं होतास? सिग्नी येत होती, तिच्या गाडीला अपघात झालाय. ओढ्याच्या वळणावर. हरीण आडवं आलं. गेलेन तिकडं पोचलाय. तू कुठं होतास?"

वळणावर लाल-निळे दिवे फिरत होते. गाडीचं तोंड चेपलेलं, पुढची काच जाळीसारखी तडकलेली. सिग्नी रुग्णवाहिकेच्या मागच्या दारात पाय सोडून बसली होती, उजवा हात फळीला बांधलेला, कपाळावर रक्ताची वाळलेली रेघ. गेलेन तिच्यासमोर ओल्या गवतात गुडघा टेकून तिच्या बुटाची नाडी सैल करत होता. त्याच ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर.

"बाबा," ती म्हणाली. "मी ठीक आहे. मनगट मोडलंय. बाकी काही नाही."

ऑर्लिन पुढं झाला. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण हाताला ग्रीस आणि भुसा लागला होता. तो हात त्यानं पाठीमागे पुसला आणि तसाच ठेवला.

चारीत तो पडला होता. दहा टोकांचा. खाली वळलेलं ते टोक चिखलात रुतलं होतं आणि शिंगांत अजून वेलीचा तुकडा होता. गेलेननं विजेरी त्याच्यावर धरली, बराच वेळ धरली. मग विजेरीचा झोत ऑर्लिनच्या बाहीवर आला, तिथला पिवळट भुसा बघून क्षणभर थांबला आणि बंद झाला. 

शेरिफच्या माणसानं विचारलं, "हरीण कोण नेणार? पहिला हक्क गाडी चालवणाऱ्याचा."

"काकाला द्या," सिग्नी म्हणाली. "तीन वर्षं वाट बघितलीय त्यानं."

आणि पोटच्या पोरीचा हात मोडलेला, समोर आपल्या पापाचं धूड पडलेलं, अशा वेळीही ऑर्लिनच्या पोटात ते बारीकसं दुखलंच. आपण कसल्या मातीचे बनलो आहोत, असं वाटून त्याचे कान गरम झाले.

शनिवारी, हंगामाच्या पहिल्या दिवशी, ऑर्लिनच्या घरातून कुणीच शिकारीला गेलं नाही. दूरवर बंदुकांचे आवाज येत राहिले. दुखण्यावरच्या औषधाच्या गुंगीत सिग्नी झोपली होती. मार्वानं ऑर्लिनपुढं ताट आदळलं. "एल्मचं लाकूड हिवाळाभर पुरेल ना?" एवढंच ती म्हणाली.

रविवारी पहाटे तो स्वयंपाकघरात आला तर सिग्नी दिव्याखाली उभी. प्लास्टर गळ्यात अडकवलेलं, नारिंगी जाकीट एका बाहीत घातलेलं, दुसरी लोंबणारी.

"हे काय?"

"बसायला जातेय. हात मोडलाय, डोळे नाही."

"गेलेनकडं?"

"गेलेनकाका इकडं येतोय. त्याच्या शिडीवर आता दोघांपैकी कुणालाच चढता येणार नाही. तुझ्याकडं पायऱ्या आहेत. मीच बोलावलं त्याला." तिनं बापाकडं रोखून पाहिलं. "चालेल ना? या वेळी नीट सांग."

"चालेल," ऑर्लिन म्हणाला. "जाकिटाची चेन लावू दे."

अंधारातच तिघं वर निघाले. गवतावर दहिवर पडलं होतं, बुटांखाली करकरत होतं. कुंपणाजवळ पोचल्यावर एल्मचं खोड राखाडी दिसू लागलं, आणि त्याच्याखाली चेपलेली जाळी. ऑर्लिन थांबला. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

"ते मी मुद्दाम पाडलं," तो म्हणाला. "त्याला उठवायला. शनिवारी तुमच्या शिडीखालून जाऊ नये म्हणून. तो रस्त्याकडं गेला ते मी पाहिलं होतं."

 सिग्नीच्या तोंडातून वाफ येत होती.

"मी तासाभरानं त्याच रस्त्यानं येणार हे तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"डोक्यात आलंच नाही. तुझा विचार इतका करत होतो, की तू येतेयस हेच डोक्यात आलं नाही."

"काहीही बोलतोस, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ती चार पावलं पुढं गेली, थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली, "नुसतं विचारलं असतंस तर! एकदा. 'सिग्नी, माझ्याजवळ बस.' एवढंच."

 तेवढ्यात मागून गेलेन खाकरला.

"आता लाजबीज सोडलीच आहे तर मीही सांगतो," तो म्हणाला. "ऑक्टोबरभर मी रोज संध्याकाळी इथं यायचो. या कुंपणावर. त्या खांबापासून त्या खांबापर्यंत."

"कशाला?"

"मुतायला. माणसाचा वास आला की हरणं फिरकत नाहीत म्हणून. घरून दोन-दोन बियर पिऊन यायचो."

सिग्नी वळली. "काका!"

"तीन वर्षं मी त्याला राखला, आणि हा दीडशहाणा चार सलगम पेरतो आणि तो याच्या ताटात जेवायला जातो! माझ्या अंगाचा तीळपापड झाला होता. पण कसलं काय, त्याला माझा वास आवडायला लागला असावा. आणखीच लवकर यायला लागला."

हसू आधी सिग्नीला फुटलं, रडण्यासारखं. तिनं प्लास्टर छातीशी धरलं, कारण हसताना मनगट दुखत होतं. "तुम्ही दोघं," ती म्हणाली, "तुम्हा दोघांना गोठ्यात बांधून ठेवायला पाहिजे होतं." तिनं डोळे पुसले, पण बापाकडं बघितलं नाही, आणि ऑर्लिनला कळलं, हे मिटायला हाडापेक्षा जास्त दिवस लागणार आहेत.

मचाणात खुर्च्या दोनच. सिग्नी एकीवर बसली. दुसरीवर ऑर्लिननं गेलेनला बसवलं, कारण गुडघा. स्वतः तो मागं, रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. पुढं त्या दोघांचे खांदे एकमेकांना टेकलेले. खिडकीच्या जागी त्याला त्यांच्या टोप्याच दिसत होत्या. आपण बांधलेल्या मचाणात आपणच पाहुणे झालो, असं वाटून त्याच्या आत पुन्हा ते दुखणं हललं. त्यानं ते गिळलं. ते पुन्हा वर आलं.

हळूहळू तुकडा उजेडात आला. थंडीनं सलगमची पानं माना टाकून पडली होती, मधून जांभळे-पांढरे गड्डे वर आलेले. मादी आली. मागून तिची पिल्लं. मग ओकखालून एक तरुण नर, शिंगं बोटाएवढी, पण ऐट अशी की रान त्याचंच. त्यानं मोकळ्या जागेकडे पाहिलं, नाक उंचावलं, आणि तो खायला लागला.

गेलेननं बंदूक उचलली, गालाशी नेली, आणि परत मांडीवर ठेवली. "वाढू दे त्याला," तो कुजबुजला.

सिग्नी दुर्बीण डोळ्यांशी नेत होती. डाव्या हातानं ती पेलत नव्हती. धरली तर नजर जुळवायचं चाक फिरवता येत नव्हतं, चाक फिरवलं तर ती घसरत होती. "श्शी," ती स्वतःवरच चिडली.

गेलेन वळायच्या आत ऑर्लिन डब्यावरून उठला. तिच्या मागं उभा राहून त्यानं दोन्ही हात तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं नेले आणि दुर्बीण तिच्या डोळ्यांसमोर धरली. ती थोडी ताठ झाली. मग तिचं बोट वर आलं आणि चाक फिरवू लागलं.

"थोडं डावीकडं," ती कुजबुजली. "अजून. थांब. हलू नकोस."

तो हलला नाही. कंबर दुखायला लागली, खांदे भरून आले, तरी त्यानं हात खाली आणले नाहीत. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते. हरणं खात राहिली.

किती तरी वेळानं त्यानं बाजूला पाहिलं. गेलेन हरणांकडे बघत नव्हता. तो ऑर्लिनच्या हातांकडे आणि त्यांच्यामध्ये स्थिर असलेल्या त्या डोक्याकडे बघत होता. बिनमुलाबाळांचा, पांढऱ्या भुवयांचा माणूस, ओठ किंचित आवळलेले. ती नजर ऑर्लिनला कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. खानावळीत त्या भिंतीकडे पाठ करून बसताना, समोरच्या काळ्या खिडकीत स्वतःच्याच चेहऱ्यावर ती त्यानं वर्षानुवर्षं पाहिली होती.

त्याला वाईट वाटलं. आणि, देव क्षमा करो, थोडं बरंही वाटलं.

"बाबा," सिग्नी म्हणाली, "तुझे हात थरथरताहेत. ठेव आता."

"नाही," ऑर्लिन म्हणाला. "तू बघ."